कुशीतला श्वास

जनार्दन आवटींनी नुसती मान हलवली. पुढं जे रामायण घडलं ते त्या एका मान हलवण्यातून घडलं, म्हणून गोष्ट तिथूनच सुरू करायला हवी.

मिरजेतल्या जनावरांच्या दवाखान्यात टेबलावर कस्पटी पडली होती. पिवळी, पाच वर्षांची, एरवी परका हात लागला तर ओरबाडून काढणारी मांजरी. आज डॉक्टर पोट दाबून बघत होत्या तरी तिनं कानसुद्धा हलवला नव्हता. डॉ. रेहाना मुजावर यांनी ऑपरेशनची तयारी करता करता विचारलं, "काका, ही मांजरीच्याच दुधावर वाढलीय ना? डोळे उघडायच्या आधी मांजरीच्या कुशीत होती ना?"

आवटींनी होकारार्थी मान हलवली.

ते खोटं होतं. पण नाही म्हटलं असतं, तर मग हिला वाढवलं कुणी, हा प्रश्न आला असता. कुमुदचं नाव घ्यावं लागलं असतं, तिच्या आजारपणाचं सांगावं लागलं असतं, आणि त्या दिवसांत आपण कुठं झोपत होतो तेही. आवटींचा जन्म वॉटरवर्क्सच्या पंपहाउसवर गेलेला. तिथं पंपांच्या धडधडाटात बोलून काही उपयोग नसतो, त्यामुळं कमी बोलणं अंगवळणी पडलेलं. चार वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून तर दूधवाला आणि कस्पटी यांच्याशिवाय कुणाशी बोलायची वेळच येत नसे. परक्या बाईसमोर हे सगळं उघडं करणं त्यांच्या जिवावर आलं. शिवाय मांजराच्या बाळपणाचा आतड्याच्या ऑपरेशनशी संबंध काय, असंही त्यांच्या मनात आलं.

आतड्यात दोरा अडकला होता. तोही कुमुदच्या फोटोला घातलेल्या हाराचा. श्राद्धाच्या दिवशी आवटींनी शेवंतीचा हार आणून फोटोला घातला, त्याचं टोक खाली लोंबत राहिलं, आणि कस्पटीनं उडी मारून हार खाली ओढला. फुलं घरभर झाली. दोरा कुठं गेला याचा आवटींनी विचारच केला नाही. दोन दिवस ती ओकत राहिली तेव्हा त्यांनी तिला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की दोऱ्याचं एक टोक वर अडकलं की बाकीचं आतडं त्याच्यावर पायजम्याच्या नाडीवर कापड गोळा व्हावं तसं गोळा होतं. कापून काढण्याशिवाय गत्यंतर नाही.

आवटींना कापण्याची भीती नव्हती, भुलीची होती. त्यावर डॉक्टर हसल्या. भुलीला घाबरायचे दिवस गेले, आता कूस आहे, असं त्या म्हणाल्या.

कुशीबद्दल थोडं सांगायला हवं. मांजर भुलीत जातं ते सहज, परत येतं ते मात्र शंभर नखरे करत. पूर्वी ऑपरेशन झकास पार पडायचं, टाके पडायचे, डॉक्टर हात धुवायला वळायचे, आणि त्यानंतरच्या दोन-तीन तासांत मांजर हातचं जायचं. एक तर त्याचा घसा फार नाजूक. श्वासाची नळी काढली की घशाचं दार अंग चोरून मिटून घेतं. दुसरं म्हणजे मेंदूच्या बुडाशी जे केंद्र श्वास चालवतं, त्याच्यावरची गुंगी लवकर उतरत नाही. त्यात मांजराची जात अशी की गुदमरत असलं तरी निमूट पडून राहील. तोंड उघडून धापा टाकायला लागलं म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं असं समजायचं.

मग एक शोध लागला. मांजराचं पिल्लू जन्मतं तेव्हा आंधळं असतं, बहिरं असतं. जग त्याला कळतं ते अंगानं. आईचं पोट वर-खाली होतं, तिची घुरघुर हाडांत उतरते, आणि त्या लयीवर पिल्लाचा स्वतःचा श्वास बसतो. संशोधकांना दिसलं की ही लय श्वासकेंद्राच्या शेजारच्या मोजक्या पेशींत जन्मभरासाठी मुरते आणि त्या पेशी भुलीतही झोपत नाहीत. बाकीचं शरीर बंद असतानाही अंगाला ती लय लागली की त्या ओळखतात आणि शेजारच्या पेंगणाऱ्या केंद्राला ढोसतात: घे, श्वास घे. त्यावरून एक उबदार गादी तयार झाली. ती मांजरीच्या पोटासारखी हलायची, घुरघुरायची. कंपनीनं तिचं नाव लांबलचक ठेवलं होतं, पण मिरजेत तिला सगळे कूस म्हणत.

कूस आली तशी भूलही बदलली. नवं औषध हृदयाला आणि मूत्रपिंडाला जपायचं, फक्त श्वासकेंद्राला संध्याकाळपर्यंत गुंगीत ठेवायचं. त्याला उतारा नव्हता. पण उतारा हवा कशाला? कूस होतीच. जुन्या औषधांच्या बाटल्या कपाटांतून केव्हा गेल्या ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. एक चांगली काठी मिळाली की माणूस दुसरी चुलीत घालून मोकळा होतो, त्यातलाच हा प्रकार.

दुपारी डॉक्टर बाहेर आल्या. दोरा सगळा निघाला, आतडं फाटलेलं नाही, आता तुम्ही चहा घेऊन या, म्हणाल्या. आवटी समोरच्या टपरीवर गेले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी चहाबरोबर खारी मागवली. परत आले तेव्हा आतलं दार बंद होतं. थोड्या वेळानं डॉक्टरांनी आतूनच हाक मारली.

कस्पटी कुशीवर होती. गादी संथपणे फुगत होती, बसत होती, घुरघुरत होती. पण कस्पटीच्या तोंडात अजून नळी होती, आणि नळीला जोडलेला रबरी फुगा डॉक्टर हातानं दाबत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. दोनदा नळी काढून पाहिली, त्यांनी सांगितलं, आणि दोन्ही वेळा श्वास बारीक बारीक होत थांबला, जीभ निळी पडली. आता घसा सुजायला लागला आहे. आणखी एकदा काढून परत घालायची वेळ आली तर नळी आत जाणारच नाही. आणि संध्याकाळपर्यंत हे असंच दाबत बसलं, तर ते एवढंसं फुप्फुस सोसणार नाही.

"कूस चालू आहे, पण ही ओळखतच नाही तिला," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी वर पाहिलं. "काका, खरं सांगा. ही मांजरीजवळ वाढलेली नाही ना?"

उभ्या उभ्या, दाराच्या चौकटीला धरून, त्यांनी सांगायला सुरुवात केली. दिवाळी नुकतीच झाली होती. नळाच्या मीटरच्या खड्ड्यात तीन पिल्लं सापडली. दोन गेलेली, एक वळवळणारं, डोळे मिटलेलं. कुमुदनं ते पदरात घेतलं. कस्पटाएवढं आहे म्हणून नाव कस्पटी. तिची स्वतःची फुप्फुसं तेव्हा कडक होत चालली होती, बहुतेक वेळ ती आडवीच असे, रात्री तोंडाला मास्क लावून श्वासाचं मशीन चालू ठेवावं लागे. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायचं आणि शालीच्या आत, छातीवर, पिल्लाला झोपवायचं. दिवसा तसंच आणि रात्रीही तसंच.

डॉक्टरांचे डोळे चमकले. मग ही त्यांच्याच श्वासावर बसलीय, त्या म्हणाल्या. कुशीत लय बदलता येते, हव्या त्या चालीनं तिला हलवता येतं. "काकूंचा श्वास कसा चालायचा तेवढं दाखवा मला. किती भराभर, कुठं अडायचा, कुठं सोडायच्या. बोटानं गादीवर वाजवून दाखवा, मी तसं घालते."

आवटी पुढं आले. त्यांनी बोट गादीवर टेकलं, आणि ते तसंच राहिलं. पंपहाउसवर असताना हा माणूस रस्त्यावरून येता येताच तिसऱ्या पंपाचं काहीतरी बिनसलंय हे ओळखायचा. आणि लग्नाच्या बायकोचा श्वास त्याला वाजवून दाखवता येईना.

"मी बाहेरच्या खोलीत झोपायचो," ते म्हणाले.

तसं कुमुदनंच सुचवलं होतं. मशीनच्या आवाजानं तुमची झोप होत नाही, बाहेर झोपा, म्हणाली होती. पण ती एकदाच म्हणाली आणि ते लगेच उठले, उशी घेऊन गेले, दार लावून घेतलं. झोपेचं निमित्त होतं. खरं म्हणजे तो श्वास त्यांना ऐकवत नव्हता. प्रत्येक वेळी आता पुढचा येतो की नाही असं व्हायचं. हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आज ते एका फुगा दाबणाऱ्या डॉक्टरला सांगून बसले, आणि त्यांना स्वतःची अतोनात लाज वाटली.

डॉक्टर फुगा दाबत राहिल्या.

"मशीन आहे," आवटी एकदम म्हणाले. "ते सगळं साठवून ठेवतंय म्हणून सांगत होता तो बसवणारा माणूस. एक कार्ड आहे आत."

"घरी आहे? मग जावा, काका. तासभर मी हिला धरून ठेवते. त्याहून जास्त नाही सांगता येत."

कुमुद गेल्यावर रीतीप्रमाणं तिची गादी देऊन टाकली, लुगडी नात्यातल्या बायका घेऊन गेल्या, औषधं फेकून दिली. मशीन मात्र कुणी घेतलं नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडाचं, कोण घेणार? आवटींनी ते तिच्या एका जुन्या साडीत बांधून माळ्यावर टाकलं होतं. आता रिक्षा दारात उभी करून ते स्टुलावर चढले. गाठ सुटता सुटेना. तेवढ्यात ऋजुताचा, त्यांच्या लेकीचा, बंगळूरहून फोन आला. कस्पटी कशी आहे, तिनं विचारलं. आवटींनी काय चाललं आहे ते चार वाक्यांत सांगितलं.

मग ती म्हणाली, "आप्पा, त्यात शेवटची रात्रपण असेल?"

आवटी गाठीशी झटत राहिले. चार वर्षं ही पोर त्यांना एकच विचारत आली होती, आईला त्रास झाला का? आणि चार वर्षं ते एकच उत्तर देत आले होते, झोपेतच गेली बाळा, काही कळलंसुद्धा नाही तिला. सकाळी चहा घेऊन आत गेले तेव्हा ती गेलेली होती, एवढंच त्यांना ठाऊक होतं. बाकीचं दाराच्या पलीकडं घडलं होतं. "असेल," ते म्हणाले. "मला आता थांबता येत नाही." त्यांनी सरळ साडीसकट मशीन बगलेत मारलं.

डॉक्टरांनी एका हातानं फुगा दाबत दुसऱ्या हातानं कार्ड संगणकात घातलं. पडद्यावर एकाखाली एक पट्ट्या उमटल्या, प्रत्येक पट्टी म्हणजे एक रात्र. पिल्लू आलं तो दिवस नेमका कोणता, आवटींना सांगता येईना. तुळशीच्या लग्नाचे ऊस अजून दारात होते एवढं आठवलं. डॉक्टरांनी अंदाजानं त्या सुमाराच्या रात्री उघडल्या. श्वासाची रेघ वर चढत होती, उतरत होती. एका रात्रीपासून मात्र त्याच रेघेवर एक बारीक कापरी कड दिसायला लागली. मशीन बिघडलं की काय म्हणून डॉक्टरांनी ती मोठी करून पाहिली, आणि त्यांचा हात क्षणभर फुग्यावर थांबला.

"ही घुरघुर आहे," त्या म्हणाल्या. "छातीवरून मास्कच्या हवेत उतरलीय. ही कस्पटीच आहे, काका."

त्या रात्रीचा श्वास त्यांनी कुशीत घातला.

गादी थांबली, मग पुन्हा हलायला लागली, पण आता वेगळ्या चालीनं. आवटींनी नकळत तळहात तिच्यावर ठेवला. दोन आखूड श्वास, मग एक लांब. तो वर जाता जाता किंचित अडायचा आणि मग हळूच सुटायचा, भरलेली कळशी जपून खाली ठेवावी तसा. हातापासून खांद्यापर्यंत त्यांना कुमुद कळली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती पाठीला पाठ लावून झोपायची तेव्हाही लांब श्वास घेताना अशीच किंचित अडायची. ते आपल्याला ठाऊक होतं हेच ते विसरून गेले होते. ज्या आवाजापासून पळालो तो एवढाच होता, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना रडू फुटलं. त्यांनी ते आवरलं नाही.

डॉक्टरांनी नळी काढली. कुमुदचा श्वास गादीतून वर आला, खाली गेला. कस्पटी तशीच पडून होती. पुन्हा वर आला. जिभेचा रंग उतरायला लागला होता, डॉक्टरांचा हात नळीकडं गेला. तिसऱ्या वेळी, त्या अडलेल्या जागी, कस्पटीची बरगडी हलली. मग आणखी एकदा. मग गादी वर येताना तीही वर यायला लागली, गादी बसताना बसायला लागली, आणि कोणती कुणाला चालवते आहे ते सांगता येईना.

"घेतेय," डॉक्टर म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांच्या हाताची बोटं आखडून गेली होती.

ऊन कलल्यावर कस्पटीनं डोकं उचललं, टाकलं, परत उचललं. ऑक्सिजनचा मास्क नाकासमोर धरला तेव्हा तिनं अगदी हलकी फिसकारी काढली, आणि आवटींना इतकं बरं वाटलं की ते मोठ्यानं हसले. डॉक्टरांनी कूस बंद केली नव्हती. कुमुदचा श्वास अजून त्या खोलीत चालू होता.

कार्ड काढताना डॉक्टर घुटमळल्या. हे जर बाहेर कळलं, त्या म्हणाल्या, तर उद्या लोक मांजरासाठी नाही, स्वतःसाठी, गेलेल्या माणसाचा श्वास अंगाशी घ्यायला, कूस मागायला येतील, आणि कंपनी आनंदानं विकेल. तुम्हाला हवी असेल तर मी देईन, काका, पण नीट विचार करा. मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या की शेवटची रात्रही यात आहे. त्यांनी ती उघडलेली नाही. पुसून टाकू, की तशीच राहू दे?

पुसून टाका, हे शब्द आवटींच्या ओठांपर्यंत आले होते. पुसलं की चार वर्षं सांगितलेलं उत्तर खरंच राहिलं असतं, त्याला खोटं पाडणारं जगात काही उरलं नसतं. त्यांनी कस्पटीकडं पाहिलं. सकाळी मान हलवून सोपं उत्तर दिलं होतं, त्यापायी ही जाता जाता राहिली होती.

"उघडा," ते म्हणाले. "पोरीला मी सांगत आलोय की आई झोपेत गेली. मला माहीतच नाही ते."

डॉक्टरांनी आधी एकट्यानं पाहिलं. आवटी पाठमोरे, कस्पटीच्या कानामागं खाजवत बसले.

"धडपड कुठंही नाही, काका," अखेर डॉक्टर म्हणाल्या. "श्वास लांब होत होत गेलाय. आणि मग थांबलाय. झोपेतच गेल्या."

आवटींनी डोळे मिटले. तुमचं उत्तर खरं होतं, असं डॉक्टर म्हणतील असं त्यांना वाटलं. पण त्या म्हणाल्या, "रेघ मात्र थांबलेली नाही. इकडं बघा."

पडद्यावर श्वासाचे चढउतार संपले होते. सरळ आडवी रेघ पुढं चालली होती, पण ती गुळगुळीत नव्हती. तिच्यावर ती बारीक कापरी कड होती. मशीन हवा सोडत राहिलं होतं, मास्क तोंडावर होता, आणि थांबलेल्या छातीवर कस्पटी घुरघुरत होती. डॉक्टर पुढं पुढं सरकवत गेल्या. कड तुटली नव्हती. मध्ये कुठं थकून मंद झाली होती, की पुन्हा जोर धरत होती.

"कुठवर?" आवटींनी विचारलं.

"सकाळपर्यंत. कुणीतरी मशीन बंद केलंय तोपर्यंत."

ते कुणीतरी म्हणजे आवटी. त्यांना ती सकाळ लख्ख आठवली. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी बटण दाबलं होतं. मांजर तिच्या छातीला चिकटून बसलं होतं, सोडायला तयार नव्हतं, आणि मेलेल्या माणसावर बसलंय म्हणून संतापून त्यांनी त्याला मानगुटीला धरून भिंतीकडं भिरकावलं होतं. रात्रभर ते जनावर आपल्या अंगानं तिला ढोसत होतं: घे, श्वास घे. जे करायला दाराच्या अलीकडं झोपलेला नवरा उठून गेला नाही, ते त्या मांजरानं केलं होतं.

ऋजुताला त्यांनी तिथूनच फोन लावला. "आई झोपेत गेली," ते म्हणाले. "आजवर मी उगाच सांगत होतो, आज बघून सांगतोय. आणि बाळा, ती एकटी नव्हती. मी नव्हतो जवळ. कस्पटी होती." डॉक्टर हात धुवायचं निमित्त करून बाहेर गेल्या.

कार्ड त्यांनी लेकीसाठी जपून ठेवलं. कूस मात्र मागितली नाही.

टाके निघाले त्या दिवशी दुपारी आवटींनी बाहेरच्या खोलीतली आपली गादी उचलली आणि आतल्या खोलीत, कुमुदच्या जागी, अंथरली. आडवे झाले. कस्पटीनं दारात बसून बराच वेळ विचार केला. चार वर्षांत ती त्यांच्या पायाशी बसली होती, भाकरी खाताना ताटाशी बसली होती, पण अंगावर कधी चढली नव्हती. आज ती आली, उशी हुंगली, गादीचे चारही कोपरे हुंगले, आणि अवघडत त्यांच्या छातीवर येऊन बसली. तिचे दोन आखूड श्वास, मग एक लांब, मध्ये किंचित अडलेला. आवटी हलले नाहीत. आपला श्वास त्यावर बसवत ते पडून राहिले.